कावळ्याच्या खिंडीपर्यंत, न बोलता

२८ मार्च, गुरुवार

एकवीस दिवस! एक शब्द नाही. कुजबुजायचंही नाही— "कुजबुजणं तर सगळ्यात वाईट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काल घशातली गाठ काढली. वाटाण्याएवढी. ती आता कुठल्याशा बाटलीत बसून तपासणीला गेली आहे.

कागदावर लिहून विचारलं— पंचवीस एप्रिल? त्यांनी खांदे उडवले. "गाठ कसली निघते त्यावर आहे, दुइलिओ."

पंचवीस एप्रिल! मुक्तिदिन! फासिस्टांनी नऊ माणसं गोळ्या घालून मारली त्या कावळ्याच्या खिंडीत, स्मृतिशिळेपाशी, एकतीस वर्षं भाषण मी करतो. पाऊस असो, वारा असो. कागद न घेता. आमच्या महापौरबाई दोन वर्षं टपून बसल्या आहेत— "भाषणाऐवजी बासरी ठेवली तर? लोकांना बरं वाटेल." लोकांना बरं वाटावं म्हणून मेले का ते नऊ जण?

त्यांना घशाचं कळलं की बासरीवाला ठरलाच. म्हणून कुणाला सांगायचं नाही. घरच्यांना शपथ घातली आहे.

गाठ कसली असेल, हे लिहिणार नाही.

३१ मार्च, ईस्टर

जेवायला अकरा माणसं. जावई म्हणाला, संपांनी या देशाचं वाटोळं केलं.

मी काटा खाली ठेवला. सगळे थांबले. मी काटा परत उचलला.

माझी बायको, लोरेदाना, स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसेपर्यंत हसली. "चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ईस्टरचं कोकरू गरम खाल्लं मी!"

४ एप्रिल

सायकलला परवानगी! पण अट आहे— श्वास नाकानं. तोंड उघडून धापा टाकायच्या नाहीत. डॉक्टरीणबाई किनाऱ्यावरच्या, सपाटीवरच्या. इथं टपालपेटीपर्यंत जायलासुद्धा चढ आहे हे त्यांना कोण सांगणार? मी तर नाही.

संध्याकाळी टेबलावर नकाशा पसरून बसलो. लाल पेन्सिल घेतली. बारवरून जाणारा रस्ता— सेत्तिमिओ दारातच उभा असतो, खोड. स्मशानभूमीचा रस्ता— सगळ्या विधवा, खोड. सहकारी दारूभट्टीचा— जुने सोबती, खोड, खोड! ज्या रस्त्यावर माझ्याशी कुणी बोलणार नाही असा एक तरी रस्ता पाहिजे.

शेवटी एक वाट उरली. मागच्या बाजूनं ओढ्याकडे उतरायचं, ओढ्याकाठानं पडक्या गिरणीपर्यंत, तिथून पांढऱ्या खडीच्या रस्त्यानं वळणं घेत खिंडीकडे. डांबर नाही, दुकान नाही, चढ लांब पण मवाळ. आयुष्यभर या रस्त्यावरून मी फक्त पंचवीस एप्रिललाच गेलो. तोही सायकल क्लबच्या चाळीस जणांना घेऊन, ओरडत.

६ एप्रिल

काय सकाळ होती!

ओढ्याकाठी ओक फुटताहेत. बाकल्याच्या शेंगांची शेतं फुलली आहेत, वास सायकलबरोबर येत राहतो. सगळ्यात छोट्या गिअरवर, म्हाताऱ्या गाढवासारखा चढलो. नाकानं श्वास. अशा वेगात खडी चाकाखाली कशी बोलते ते पहिल्यांदाच ऐकलं. चढावर एक आवाज, वळणावर दुसरा. गिरणीपर्यंतच गेलो. पाणी प्यायलो. गाठीची आठवण दोन तास आली नाही!

एकच चूक झाली. ट्रॅक्टरवाला भेटला. मोठ्या रस्त्यावर कुणी कुणाला विचारत नाही, पण ओसाड रस्त्यावर समोरून आलेल्याला तोंडानं नमस्कार न करणं म्हणजे त्याचा बाप काढणं. "सलाम, दुइलिओ!" तो ओरडला. मी हात वर केला. त्यानं ट्रॅक्टर थांबवला. मागं वळून बघत राहिला.

७ एप्रिल

लोरेदाना बारमधून बातमी घेऊन आली. भोंगा बोलत नाही! (भोंगा म्हणजे मी. संपांत घोषणा द्यायचो म्हणून गावानं पन्नास वर्षांपूर्वी ठेवलेलं नाव.) सेत्तिमिओनं कप पुसता पुसता निकाल दिला म्हणे— "तो गप्प आहे ना? मग संप आहे. कशाचा ते कळेलच."

"आणि तू काय सांगितलंस?" मी लिहिलं.

"म्हटलं, मलाही काही बोलला नाही."

८ एप्रिल

आज गिरणीच्या पुढं गेलो. वळणावर अक्रोडाचं झाड आणि त्याखाली नाझारेना मावशी, खुर्चीत. पंच्याण्णव वर्षांची. दरवर्षी क्लबबरोबर जाताना मी ओरडायचो, "मावशी, दरवर्षी तरुण होत चालली आहेस!" आणि पुढं. थांबलो कधीच नाही. शिळेपाशी वेळेवर पोचायचं असायचं ना! तिथं तिचीच गोष्ट सांगायची असायची.

आज आवाज न करता निघून जाणार होतो.

"ए भोंग्या! आज बंद का?"

तिला दिसत नाही आता, सावल्या दिसतात फक्त. पण माझ्या सायकलच्या चेनची करकर तिला पाठ आहे म्हणे. "अख्ख्या क्लबात तुझीच चेन कोरडी."

काय करणार? उतरलो. तिचं बोट धरून माझ्या घशावर ठेवलं आणि मान हलवली. बोट तिथंच राहिलं थोडा वेळ.

"कापलंय?"

मी तिचा हात दाबला.

"बरं. एकदा दाबलंस तर हो, दोनदा दाबलंस तर नाही. कुणाला ठाऊक आहे?"

दोनदा.

"माझ्याकडून कळणार नाही. गप्प बसायचं काम माझ्याइतकं या डोंगरात कुणी केलेलं नाही." मग तिनं खुर्ची जरा सरकवली. "म्हणजे आता तुला उत्तर देता येणार नाही. वा! बस."

गरम क्रेश्चा दिली, तव्यावरची जाड रोटी, रानभाजी घातलेली. तिच्या कोंबड्यांविषयी अर्धा तास बोलली. मी ऐकलं. अर्धा तास कोंबड्या! आणि बरं वाटलं.

११ एप्रिल

नैऋत्येचा गरम वारा. चढावर समोरून. तरी गेलो.

आज ती म्हणाली, "तू माझी गोष्ट छान सांगतोस रे. मी दरवर्षी मागून गाडीनं येऊन गर्दीत बसून ऐकते. मलासुद्धा रडू येतं."

मी हात दाबला. हो! मलाही येतं! माझ्या भाषणाचा तो कळस आहे. मार्च चव्वेचाळीस. पंधरा वर्षांची पोर. वेणीत डोंगरातल्या बंडखोरांसाठी चिठ्ठी खोचलेली— उद्या शोधमोहीम आहे, जागा सोडा. मोठ्या रस्त्यावर चौक्या, म्हणून ती पांढऱ्या रस्त्यानं, गारांच्या पावसात, खिंडीकडे. चाक वाकलं तर सायकल खांद्यावर घेतली! नऊ जण आधीच मारले गेले होते. उरलेले बावीस त्या चिठ्ठीनं वाचले.

"छानच सांगतोस," ती म्हणाली. "खोटी आहे."

आणि कोंबड्यांना आत घ्यायला उठली!

मी उभाच. तोंड उघडलं. बंद केलं. देवा, असल्या वेळी माणसाला जीभ लागते!

१२ एप्रिल

झोप नाही. खोटी? मी तिच्या भावाकडून ऐकली होती. लिहून घेतली होती. जुने कागद काढले. कुठं काय खोटं?

१३ एप्रिल

गेलो. आज तिनंच हात पुढं केला.

तिनं सांगितलं तसं लिहितो. माझे शब्द न घालता. कठीण जातंय, पण प्रयत्न करतो.

ती निघाली. गिरणीच्या वळणावर समोरून सैनिकांचा ट्रक आला. थांबला नाही. एकानं तिच्याकडं बघून शीळ घातली, बस. ट्रक गेला. आणि तिचे पाय गेले. "लाकूड झाले. पायडलवर ठेवते आणि घसरतात." ती चरात बसून रडली. किती वेळ ते आठवत नाही.

गिरणीवाल्याची मुलगी बाहेर आली. एर्सिलिया. सतरा वर्षांची. काही विचारलं नाही. नाझारेनाची वेणी सोडली, चिठ्ठी काढली, वाचली, स्वतःच्या मोज्यात घातली. सायकल उचलली आणि गेली. अंधार पडता परत आली. चाक वाकलेलं, गुडघा फुटलेला. म्हणाली, "पोचलं. कुणाला सांगू नकोस, बाबा मला मारून टाकेल."

बाबा म्हणजे गिरणीवाला. सैनिकांचं पीठ दळणारा.

मावशी थांबली. मी हात धरून होतो. माझ्या भाषणात गिरणीही आहे. एकतीस वर्षं! "शत्रूचं पीठ दळणारी गिरणी, जिच्या प्रत्येक पोत्यावर आपल्या पोरांचं रक्त होतं!" तिथं टाळ्या पडतात. तिथं टाळ्या पडाव्यात म्हणून मी थांबतो.

१४ एप्रिल

उरलेलं.

त्याच उन्हाळ्यात शत्रू गेला. गावानं चौकात, कारंज्यापाशी, एर्सिलियाचे केस कातरले. गिरणीवाल्याची पोर म्हणून. सगळं गाव होतं.

"मी कातरी धरली नव्हती," मावशी म्हणाली. "मी फक्त उभी होते. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. तिनं एवढंच म्हटलं असतं, 'त्या सायकलचं विचारा हिला'— तर मला बोलावंच लागलं असतं. ती बोलली नाही. मला वाचवायला की माझा राग येऊन, ते ऐंशी वर्षांत मला कळलेलं नाही."

एर्सिलिया पुढच्या वर्षी बेल्जियमला गेली. तिकडंच वारली. मूलबाळ नाही.

"मग माझ्या भावानं गोष्ट सांगायला सुरुवात केली. चिठ्ठी मी घेऊन निघाले होते, चिठ्ठी पोचली होती, चाक वाकलं होतं. मधलं कुणी विचारलंच नाही. मग तू आलास. तुला अडवायचं तर मधे बोलायला फट पाहिजे, पोरा. तुझ्या बोलण्यात फट कुठं असते?"

मी तिचा हात एकदाही दाबला नाही.

मग ती हसली. खरंच हसली! खुर्चीत मागं रेलून मोठा श्वास सोडला. "ऐंशी वर्षं छातीवर पोतं होतं. उतरवायला तुझा घसा कापावा लागला बघ!"

१५ एप्रिल

घराबाहेर पडलो नाही. सगळी जुनी भाषणं वाचली. चांगली आहेत. हाच त्रास आहे.

१७ एप्रिल

एकवीस दिवस झाले. निकाल नाही. "निकाल येईपर्यंत गप्पच राहा." महापौरबाईंचा निरोप— मी बोलणार आहे की नाही, उद्या कळवावं, बासरीवाला थांबला आहे. लोरेदानानं माझ्या वतीनं कळवलं: बोलणार.

"बोलणार ना?" तिनं विचारलं. मी नकाशाकडं बघत बसलो.

१९ एप्रिल, शुक्रवार

साधी गाठ!!

साधी! काही नाही! "ओरडून ओरडून आलेली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हातावर घट्टे पडतात ना, तसा घशाला पडलेला घट्टा." लोरेदानानं त्यांच्या टेबलावर डोकं ठेवलं आणि रडली. मग म्हणाली, "बघ, कामगारच आहेस शेवटी. घट्टा पडला."

सोमवारपासून बोलायला मोकळा. रोज थोडं. पंचवीसला दहा मिनिटं— चालेल! माइक लावून!

परत येताना गाडी थांबवायला लावली. किनाऱ्याकडून आमचे डोंगर एकामागं एक चढत जाताना दिसतात तिथं. अर्धा तास नुसता बघत उभा होतो. आहे मी अजून. हे सगळं आहे, आणि मी आहे.

२२ एप्रिल, सोमवार

पहिला शब्द "मीठ." स्वयंपाकघरात, सकाळी. ठरवलं होतं काहीतरी मोठं म्हणायचं.

आवाज आहे! जरा खरखरीत, पण माझाच.

मग बसलो भाषण लिहायला. एर्सिलियाचं खरं भाषण. एकतीस वर्षांची दुरुस्ती! तीन तासांत झालं. जबरदस्त झालं. कातरीचं वाक्य असं जमलं की मी उठून उभा राहिलो.

आणि मग खाली बसलो. दुरुस्ती मी केली तर तेही माझंच भाषण! पुन्हा टाळ्या मला, पुन्हा ती गर्दीत बसून माझ्या तोंडून स्वतःला ऐकणार. पुन्हा फट नाही.

लोरेदानाला सांगितलं— मला अजून आवाज आलेला नाही, गुरुवारपर्यंत. कुणी विचारलं तर.

"अजून तीन दिवस शांतता?" ती म्हणाली. "मी काय तोट्यात आहे का?"

२३ एप्रिल, मंगळवार

एकटा खिंडीपर्यंत गेलो. यंदा पहिल्यांदा पूर्ण. शेवटच्या दोन वळणांवर तोंड उघडून धापा टाकल्या— आता परवानगी आहे! शिळेवरची नऊ नावं मोठ्यानं वाचली. दहावं नाव तिथं नाही, तेही म्हटलं.

उतार. ब्रेक सोडले. खडी उडतेय, पिवळी झुडपं दोन्ही बाजूंनी, खाली गिरणी, पलीकडं डोंगर, डोंगर, डोंगर! आईचं कापणीचं गाणं आपोआप तोंडात आलं. ओढ्यापर्यंत गात आलो. सव्वीस दिवसांचं साचलेलं! रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. अक्रोडाखाली खुर्ची रिकामी होती.

२४ एप्रिल

मावशीकडं. गप्प.

"उद्या बोलणार ना?" तिनं विचारलं. हात दोनदा दाबला. नाही.

"मग कोण?"

मी तिचा हात उचलून तिच्याच घशावर ठेवला.

तिनं तो तसाच ठेवला. कोंबडी पायात घुटमळत होती, तिला पायानं बाजूला केलं. "मी? चार ओळी कधी बोलले नाही मी माणसांपुढं. लग्नातसुद्धा 'हो' पाद्रीबाबांना दोनदा विचारावं लागलं."

मी तिचा हात धरून ठेवला.

"तुला खरंच बोलता येत नाही, दुइलिओ?"

दोनदा दाबला. खोटं बोलायला एवढा वेळ कधी लागला नव्हता मला.

"बरं," ती म्हणाली. "सेत्तिमिओला सांग गाडी घेऊन ये म्हणून. आणि माझी सायकल गोठ्यात टांगली आहे, ती घ्या."

२५ एप्रिल

थकलोय, पण आजच लिहितो.

दोनशे माणसं. क्लबचे सगळे घामाघूम, पांढऱ्या धुळीनं माखलेले. सेत्तिमिओनं व्हॅनमधून वाकलेल्या चाकाची सायकल काढली आणि शिळेला टेकवून ठेवली, का ते त्यालाही ठाऊक नव्हतं. महापौरबाईंनी माझं नाव पुकारलं. मी माइकपुढं उभा राहिलो. घशाकडं बोट दाखवलं. मान हलवली.

अशी शांतता! आणि गर्दीतून सेत्तिमिओ— "बघा, म्हटलं नव्हतं संप आहे?" सगळे हसले. हसू संपेपर्यंत मी मावशीला धरून माइकपाशी आणलं होतं.

ती म्हणाली, "दुइलिओ चांगलं बोलतो. पण ती मी नव्हते."

चार मिनिटं बोलली. ट्रक. पाय. चर. एर्सिलिया. मोजे. मग कातरी. आवाज एकदाही चढवला नाही, मागच्यांना पुढं सरकावं लागलं. दोनशे माणसं तीन पावलं पुढं आली. हे मला एकतीस वर्षांत जमलं नाही! "मी तिथं उभी होते," ती म्हणाली. "तुमच्यातल्या काहींचे आजोबाही होते. कुणाचे ते विचारू नका, आज ही आज्जी थकली आहे."

टाळ्या नाहीत. कुणाला सुचलंच नाही. मग त्या ट्रॅक्टरवाल्यानं टोपी काढली. मग सगळ्यांनी.

महापौरबाई डोळे पुसत माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, शिळेवर दहावं नाव कोरायचं, खर्च नगरपालिकेचा. मी नुसती मान हलवली. बोललो असतो तर त्यांचं कौतुक करावं लागलं असतं!

मावशी गाडीत बसताना म्हणाली, "भूक लागली." दोन ग्लास आटवलेली वाइन प्यायली आणि सेत्तिमिओला रस्ताभर गाडी नीट चालव म्हणून झापत गेली.

उतारावर मी सगळ्यांच्या मागं राहिलो. हलका. कसलंच ओझं नाही— ना घशात, ना इतर कुठं. मला वाटतं, आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं भाषण आज झालं.

२७ एप्रिल, शनिवार

सकाळी अक्रोडाखाली थांबलो. आधी थोडा खोकलो, खरं वाटावं म्हणून. मग म्हणालो, "मावशी! आजपासून परवानगी मिळाली बोलायची!"

ती बाकल्याच्या शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत.

"मंगळवारी खिंडीतून गात उतरलास," ती म्हणाली. "मी आत पलंगावर होते. डोळे गेलेत माझे, दुइलिओ. कान नाहीत गेले."